ऑफिसचं वेलनेस पॅकेज वापरून बघितलं: काउन्सेलरला पाच स्टार, सर्व्हेला अडीच, ॲपला एक (तोही दयेपोटी)

आमच्या कंपनीने (पुण्यातली आयटी कंपनी, नाव सांगत नाही, पगार अजून तिथूनच येतो) मध्यंतरी "एम्प्लॉयी वेलबीइंग"चं एक पॅकेज विकत घेतलं, आणि परवा एचआरचा मेल आला की रिन्यू करायचं का ते ठरवायचंय, फीडबॅक द्या. तो फॉर्म ५०० अक्षरांत संपतो, माझं म्हणणं काही त्यात मावलं नाही, म्हणून इथे लिहितोय. कुणाच्या ऑफिसमध्ये असं काही येणार असेल किंवा येऊन पडलं असेल आणि कुणी हात लावत नसेल तर उपयोग होईल.

पॅकेजमध्ये तीन गोष्टी होत्या. वर्षातून एकदा मोठा एंगेजमेंट सर्व्हे (एंगेजमेंट म्हणजे साखरपुडा नव्हे, माणूस कामात किती मन लावून गुंतलाय ते) आणि मधे मधे छोटे पल्स सर्व्हे, मग मेडिटेशन-झोप-पाणी-पावलं मोजणारं एक ॲप, आणि ईएपी, म्हणजे फोनवर किंवा व्हिडिओवर काउन्सेलरशी बोलायची सोय जी आपल्याला आणि घरच्यांना फुकट, बिल कंपनीला. व्हेंडरचंही नाव घेत नाही, कारण या धंद्यात सगळेच थोड्याफार फरकाने हेच विकतात, रंग बदलतो आणि लोगोतलं पान बदलतं (लोगोत पान असतंच, का ते माहीत नाही). मी टीम लीड आहे, म्हणजे वरचे म्हणतात डिलिव्हरी कुठंय आणि खालचे म्हणतात माणसं कुठंयत, त्यामुळे हे पॅकेज मला दोन्ही बाजूंनी बघायला मिळालं, भरणारा म्हणूनही आणि टीमचा रिपोर्ट ज्याच्या हातात येतो तो म्हणूनही.

आधी सर्व्हे. ज्यांनी कधी भरला नाही त्यांच्यासाठी, या सगळ्या सर्व्ह्यांचा आजोबा म्हणजे गॅलप या अमेरिकन सर्व्हे कंपनीचा क्यू-ट्वेल्व्ह. बारा वाक्यं, प्रत्येकाला एक ते पाच मार्क. माझ्याकडून कामाची काय अपेक्षा आहे ते मला माहीत आहे, कामाला लागणारं सामान माझ्याकडे आहे, गेल्या सात दिवसांत कुणीतरी माझं कौतुक केलं, अशी. आमच्या व्हेंडरने तीच वाक्यं उलटसुलट करून बाराची चाळीस केली होती. पण मूळ बारा वाईट नाहीत, उलट मला आवडतात, कारण त्यात "तुम्ही आनंदी आहात का" असलं मोघम काही नाही, साधे प्रश्न आहेत आणि उत्तर मॅनेजरला झोंबतं. सात दिवसांत कौतुक केलं का? मी स्वतः टीममधल्या पोरांचं शेवटचं कधी केलं ते आठवायला लागलो, आणि लगेच चॅटवर दोघांना "मस्त काम केलंस रे" टाकलं, त्यांना वाटलं आता वीकेंडला बोलावणार.

त्यातला एक प्रश्न मात्र कँटीनमध्ये गाजला. "कामाच्या ठिकाणी माझा जिवलग मित्र आहे." आमच्यातला एक जण म्हणाला, हे ऑफिस आहे का कट्टा? दुसरा म्हणाला, जिवलग होता पण तो बंगळुरूला गेला, आता शून्य देऊ का? (शून्य नसतंच, एकपासून सुरू.) गॅलपवाले या प्रश्नावर वर्षानुवर्षं ठाम आहेत, त्यांच्या म्हणण्याप्रमाणे ज्यांना ऑफिसात मित्र आहे ते कामात टिकतात. मला पटतं. प्रोडक्शन (म्हणजे क्लायंटची चालू सिस्टिम) पडलेलं असताना रात्री ज्याला हक्काने उठवता येतं असा एक माणूस असला की अर्धा ताण कमी होतो, हे ज्याने सपोर्ट केलाय त्याला सांगायला नको.

गॅलपचा दरवर्षी जगभराचा एक रिपोर्टही येतो, आमच्या एचआरने टाउनहॉलमध्ये (म्हणजे सगळ्या कंपनीच्या मीटिंगमध्ये) त्याच्या स्लाइड दाखवल्या, आणि त्या आमच्या स्कोअरपेक्षा जास्त इंटरेस्टिंग होत्या म्हणून मी नंतर रिपोर्टच उघडून बसलो. २०२५ च्या रिपोर्टप्रमाणे २०२४ मध्ये जगात फक्त २१ टक्के लोक कामात "एंगेज्ड" होते, आदल्या वर्षी २३ होते. आणि ही घसरण मुख्यतः मॅनेजर लोकांमुळे झाली, त्यांचा आकडा ३० वरून २७ वर आला. म्हणजे जे दुसऱ्यांना मोटिव्हेट करायला ठेवलेत तेच आधी गळाले. आदल्या दिवशी खूप ताण होता असं सांगणारे ४० टक्के, म्हणजे दर पाचात दोन.

आता यातली गंमत बघा. २०२४ च्या रिपोर्टमध्ये भारताचे जे आकडे होते त्यात एंगेज्ड ३२ टक्के, म्हणजे जगाच्या सरासरीपेक्षा बरेच वर. पण "थ्रायव्हिंग", म्हणजे ज्यांचं आयुष्य बरं चाललंय ते फक्त १४ टक्के! हे मोजायची पद्धत अशी की तुम्हाला शून्य ते दहा पायऱ्यांची एक शिडी कल्पून दिली जाते, आत्ता कुठल्या पायरीवर आहात आणि पाच वर्षांनी कुठे असाल, आत्ताची सात किंवा वर आणि पुढची आठ किंवा वर असेल तर तुम्ही थ्रायव्हिंग. आपल्याकडे शंभरातले शहाऐंशी त्यात बसले नाहीत. युरोपात बरोब्बर उलटं, तिथे एंगेज्ड फक्त १३ टक्के, जगात सगळ्यात कमी, पण आयुष्य बरं चाललंय म्हणणारे जवळपास निम्मे. म्हणजे तिकडचा माणूस काम काम म्हणून करतो, संध्याकाळी लॅपटॉप बंद करतो आणि सुट्टीवर जातो, आणि आपण मन लावून, जीव ओतून, "ओनरशिप" घेऊन काम करतो आणि शिडीच्या चौथ्या-पाचव्या पायरीवर बसलेलो असतो. हे मी टाउनहॉलमध्ये विचारणार होतो पण प्रश्नोत्तरांची वेळ संपली, ती नेहमी संपते.

त्याच २०२४ च्या रिपोर्टमधला अजून एक आकडा. रोज खूप ताण आहे म्हणणारे श्रीलंकेत ६२ टक्के, अफगाणिस्तानात ५८, आणि भारतात फक्त ३२, दक्षिण आशियात सगळ्यात कमी. पण रोज राग येतो म्हणणारे भारतात ३५, दक्षिण आशियात सगळ्यात जास्त. यावरून आपल्याकडे ताण कमी आहे असं कुणी म्हणत असेल तर त्याने एकदा संध्याकाळी साडेसहाला हिंजवडीच्या फेज थ्रीमधून भूमकर चौकापर्यंत गाडी चालवून दाखवावी. माझा आपला अंदाज, की ताण आहे का असं विचारलं की आपल्या तोंडून "नाही हो, चाललंय" हे आपोआपच निघतं. राग मात्र येतो हे आपण मान्य करतो, राग येणं म्हणजे काही कमीपणा नाही ना.

म्हणून आमच्या सर्व्हेवर माझा पहिला आक्षेप हाच, की त्यांनी एंगेजमेंट आणि वेलबीइंग एकत्र ढवळून त्याचा एकच "हॅपीनेस स्कोअर" काढला. कंपनीचा स्कोअर ७८ आला, स्टँडी लागल्या, केक कापला. माझ्या टीममधली एक मुलगी, कामात एक नंबर, सर्व्हेत सगळीकडे चार-पाच देणारी (तिनेच सांगितलं), ती त्या आठवड्यात ॲसिडिटीच्या गोळ्या खाऊन नाइट कॉल घेत होती. तिला तुम्ही एंगेज्डमध्ये धरणार, बरोबरच आहे, ती आहेच एंगेज्ड, पण तिचं बरं चाललंय का हे त्या ७८ मध्ये कुठे दिसतं?

दुसरा आक्षेप मोठा आहे. सर्व्हे "शंभर टक्के अनॉनिमस" असं वर ठळक लिहिलेलं. आणि खाली विचारलेलं, डिपार्टमेंट, ग्रेड, लोकेशन, कंपनीत किती वर्षं, वयोगट, स्त्री की पुरुष. आता आमच्या टीममध्ये त्या ग्रेडची, पाच वर्षांच्या वर झालेली बाई एकच आहे. तिने नाव लिहिलं काय न लिहिलं काय. चांगले व्हेंडर पाच-दहापेक्षा लहान गटाचा रिपोर्ट दाखवतच नाहीत, डॅशबोर्डवर ती जागा राखाडी येते, आणि आमच्याकडेही तसं सेटिंग होतं, पण कमेंटचा कॉलम? तो जशाच्या तसा. माझ्याकडे माझ्या टीमच्या कमेंट्स आल्या आणि कोण "एक्चुअली" कसं लिहितं, कोण प्रत्येक वाक्याला तीन टिंबं देतं हे मला चांगलं माहीत आहे, दोन मिनिटांत कुणी काय लिहिलंय ते कळलं. मी गप्प बसलो, पण सगळे लीड गप्प बसतील का? त्यामुळे भरणाऱ्यांना सल्ला, आकडे बिनधास्त खरे द्या, कमेंट लिहायची तर मुद्द्याची आणि मोजकी लिहा, आपली स्टाइल घरी ठेवा.

२०२४ च्या डिसेंबरात नोएडाच्या येस मॅडम नावाच्या कंपनीचा तो मेल व्हायरल झाला होता, आठवतंय का, की सर्व्हेत ज्यांनी जास्त ताण आहे असं सांगितलं त्यांना आम्ही कामावरून काढतोय. सगळा देश चिडला आणि मग कंपनीने सांगितलं की कुणाला काढलं नाही, ताणाच्या विषयाकडे लक्ष वेधायला केलं होतं. असली मस्करी करायची बुद्धी कुणाला होते देव जाणे, पण माझ्या मते त्या मेलवर लोकांचा क्षणात विश्वास बसला, यातच सगळं आलं. आमच्याकडे पुढच्या पल्स सर्व्हेत सगळ्यांचा ताण अचानक कमी झाला होता.

याच्या उलट जपानचं बघा. तिथे काम करून करून माणसं मरतात याला कारोशी असा शब्दच आहे, आणि तिथे २०१५ च्या डिसेंबरपासून ५० किंवा जास्त माणसं असलेल्या प्रत्येक ठिकाणी वर्षातून एकदा स्ट्रेस चेक कायद्याने बंधनकारक आहे. साधारण वापरतात तो फॉर्म ५७ प्रश्नांचा. पण मुख्य गोष्ट अशी की निकाल थेट त्या माणसाला जातो, कंपनीला त्याच्या परवानगीशिवाय बघता येत नाही, आणि ताण फार असेल आणि त्याने मागणी केली तर डॉक्टरशी भेट घालून देणं कंपनीवर बंधनकारक. जपानमध्ये सगळं आलबेल झालंय असं माझं म्हणणं नाही, पण निदान क्रम बरोबर आहे, आधी माणसाला कळतं मग मालकाला. आमच्याकडे मला माझा स्वतःचा स्कोअर कधीच दिसला नाही, माझ्या मॅनेजरच्या मॅनेजरला मात्र कुठल्या टीमचा स्कोअर किती हे रंगांत दाखवणारा हीटमॅप दिसतो.

आणि सर्व्हे झाल्यावर काय झालं? ॲक्शन प्लॅनिंगची मीटिंग झाली. आमच्या फ्लोअरचा सगळ्यात कमी मार्क पडलेला मुद्दा होता कामाचा बोजा आणि रात्रीचे कॉल. त्यावर ठरलेली ॲक्शन, शुक्रवारी झुंबा, पँट्रीजवळ दोन बीन बॅग आणि एक "ग्रॅटिट्यूड वॉल" जिथे चिठ्ठ्या चिकटवायच्या. दुखणं रेड्याला आणि औषध पखालीला. झुंब्याच्या वेळेला माझ्या निम्म्या टीमचा क्लायंटशी स्टँडअप (कामाचा आढावा घ्यायची छोटी मीटिंग) असतो, म्हणजे त्यांना काचेतून झुंबा दिसतो. ताप आला म्हणून वर्षातून चारदा थर्मामीटर लावायचा आणि क्रोसिन एकदाही द्यायची नाही असा हा प्रकार. तरी अडीच स्टार देतो कारण एकदा का आकडा कागदावर आला की भांडायला बरं पडतं, आणि मी भांडलो, ते पुढे सांगतो.

ॲपबद्दल जास्त लिहिण्यासारखं नाही. उघडल्यावर समुद्राचा आवाज, मग एक बाई अमेरिकन उच्चारात श्वास घ्यायला सांगतात, हिंदीत थोडं आहे, मराठीत काही नाही. मराठी नाही याचं मला विशेष वाटलं नाही, श्वास कुठल्याही भाषेत घेता येतो, पण रात्री पावणेबाराला कॉल चालू असताना "आज तुम्ही स्वतःला वेळ दिलात का?" असं नोटिफिकेशन आलं तेव्हा फोन भिरकावावासा वाटला. पावलांची स्पर्धा होती, टीम विरुद्ध टीम, त्यात फायनान्सचा एक पठ्ठ्या रोज वीस हजार पावलं टाकायचा, नंतर कळलं की फोन मुलाच्या पाळण्याला बांधून ठेवायचा. पाळणा जिंकला, पहिलं बक्षीस एअर फ्रायर. आणि इन्स्टॉल करताना परवानग्या बघा, आमच्या ॲपला लोकेशन आणि कॉन्टॅक्ट दोन्ही हवे होते, श्वास घ्यायला कॉन्टॅक्ट कशाला लागतात? मी दोन्ही बंद केले, ॲप तसंही चालतं.

माझं एकट्याचं मत आहे असं समजू नका. ऑक्सफर्डच्या विल्यम फ्लेमिंग यांनी ब्रिटनमधल्या २३३ संस्थांमधल्या ४६,३३६ कर्मचाऱ्यांचा डेटा तपासला, २०२४ मध्ये पेपर आला. माइंडफुलनेस, रेझिलियन्स (म्हणजे ताण सोसायचं) ट्रेनिंग, वेलबीइंग ॲप, असलं सगळं घेतलेले आणि न घेतलेले लोक शेजारी ठेवून बघितले तर घेतलेल्यांचं काही बरं चाललेलं दिसलं नाही. अपवाद एकच, दुसऱ्यांसाठी स्वयंसेवा म्हणून काम करणारे, ते जरा बरे दिसले. अमेरिकेत इलिनॉय युनिव्हर्सिटीने आपल्याच जवळपास पाच हजार कर्मचाऱ्यांवर वेलनेस प्रोग्रामचा रीतसर प्रयोग केला, चिठ्ठ्या टाकल्यासारखे गट पाडून, त्यातही आरोग्याच्या खर्चात किंवा रजांमध्ये म्हणावा असा फरक दिसला नाही. ज्यांना ॲपने शांत झोप लागते त्यांनी खुशाल वापरावं, माझा एक मित्र पावसाचा आवाज लावूनच झोपतो. पण तेवढ्यासाठी कंपनीने माणशी पैसे भरायचे म्हणजे जरा अतीच, पाऊस यूट्यूबवर फुकट आहे.

आता ईएपी, ज्याच्यासाठी खरं तर हा रिव्ह्यू लिहायला घेतला. ही गोष्ट आपल्याकडे कुणी वापरतच नाही. वेलकम किटमध्ये एक कार्ड असतं, त्यावर नंबर असतो, कार्ड ड्रॉवरमध्ये जातं. पोरांना विचारलं तर दोन कारणं सांगतात, एचआरला कळेल आणि "मला काय वेड लागलंय का". मीही कार्ड ड्रॉवरमध्येच ठेवलं होतं. मग एका रिलीजच्या (सॉफ्टवेअर क्लायंटच्या हातात द्यायच्या) काळात पहाटे चारला आपोआप जाग यायला लागली, ऑफिसची लिफ्ट उघडली की छातीत धडधड, डॉक्टरांनी ईसीजी काढला, नॉर्मल, म्हणाले झोप आणि कामाचं बघा. तेव्हा कार्ड काढलं.

नंबर लावला तर आधी कॉल सेंटरसारखा माणूस, एम्प्लॉयी आयडी विचारत नाही, फक्त कंपनीचं नाव आणि एक कोड, तुम्हाला हवं ते नाव सांगा म्हणाला. भाषा विचारली, मराठी म्हटलं, तर दोन दिवसांनंतरची वेळ मिळाली. सांगली-कोल्हापूरकडच्या बाई असाव्यात, बोलण्यावरून वाटलं, मी विचारलं नाही. पहिली पाच मिनिटं त्यांनी फक्त नियम सांगितले, की हे बोलणं कंपनीला जात नाही, कंपनीला फक्त महिन्याला किती लोकांनी वापरलं एवढा आकडा जातो, आणि अपवाद एकच, तुमच्या किंवा दुसऱ्या कुणाच्या जिवाला धोका आहे असं वाटलं तर मला बोलावं लागेल. मग सरळ विचारलं, जीव नकोसा होतो असं कधी मनात येतं का? मला धक्का बसला, पण नंतर वाटलं बरं झालं विचारलं, इतकं सरळ आपल्याला कुणी विचारत नाही, घरचेसुद्धा.

मला वाटलं होतं त्या "पॉझिटिव्ह राहा, योगा करा" म्हणतील. तसलं काही नाही. त्यांनी मला सोमवार ते शुक्रवार प्रत्येक तासाला काय करतो ते लिहायला लावलं, आणि पुढच्या वेळी ती यादी घेऊन एकेका ओळीवर विचारलं, हे तुमचं काम आहे का? हे तुम्ही का करता? हे रात्री साडेदहालाच का? त्यातून निघालं की रात्रीचे जे कॉल मी "क्लायंटला लागतात" म्हणून घेत होतो त्यातले बरेचसे क्लायंटने मागितलेलेच नव्हते, क्लायंटकडे बसलेल्या आमच्याच ऑनसाइट माणसाने सोयीसाठी टाकले होते. मग कॉल नाकारायचा कसा, म्हणजे नेमकं वाक्य काय बोलायचं, त्याची आम्ही फोनवर चक्क प्रॅक्टिस केली, त्या क्लायंट झाल्या आणि मी मी. पहिल्यांदा मी तीनदा सॉरी म्हणालो. त्या म्हणाल्या, सॉरी काढा, वाक्य तेच ठेवा.

बर्नआउट (कामाने पार पिचून जाणं) हा आजार आहे का असं विचारलं तर त्यांनी छान सांगितलं, की डब्ल्यूएचओने २०१९ मध्ये बर्नआउटला आपल्या यादीत घेतलं ते आजार म्हणून नाही, कामाच्या ठिकाणचा प्रकार म्हणून, सतत राहिलेला आणि निस्तरला न गेलेला कामाचा ताण. आणि त्याची लक्षणं तीन, अंगातली ताकद संपल्यासारखं वाटणं, कामाबद्दल मन उडणं किंवा कडवटपणा येणं, आणि आपल्याकडून काही धड होत नाही असं वाटणं. मला पहिली दोन होती. म्हणाल्या, मग तुमच्यावर जेवढं काम करायचंय तेवढंच तुमच्या कामावरही करायला लागेल, आणि ते माझ्या हातात नाही. हे स्पष्ट सांगितलं त्याचेच खरं तर पाच स्टार.

तक्रारी आहेत. एका विषयाला ठरावीक सेशन मिळतात, संपले की पुढे स्वतःच्या खिशातून. संध्याकाळी सातनंतरची वेळ जवळपास मिळतच नाही, म्हणजे ज्याला कामामुळे त्रास आहे त्याने कामाच्या वेळेतच फोन करायचा. आणि करायचा कुठून? आमच्या मीटिंग रूमना किल्ल्यांची नावं आहेत, तोरणा, राजगड, सिंहगड, पण भिंती सगळ्या काचेच्या, आत बसून डोळे पुसायची सोय नाही. मी बेसमेंटला गाडीत बसून बोलायचो, रेंज एकच कांडी, महत्त्वाच्या ठिकाणी आवाज जायचा. कंपनीला खरंच काही करायचं असेल तर बीन बॅग विकून एक दार बंद होणारी खोली द्यावी. आणि हे लोक औषध देत नाहीत, गरज असेल तर सायकियाट्रिस्टकडे पाठवतात, तिथून खर्च आपला. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात विमा कंपन्यांनी मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखंच कव्हर द्यायचं म्हटलंय, पण ग्रुप पॉलिसीत ओपीडी नसेल तर नुसत्या कन्सल्टेशनचे पैसे मिळत नाहीत, आपली पॉलिसी एकदा वाचून ठेवा.

घरच्यांना फुकट आहे म्हणून आईला सांगितलं, बाबा रिटायर झाल्यापासून दोघांची दिवसभर धुसफूस चालते. आई म्हणाली, मला काय धाड भरलीये. महिन्याभराने कळलं की तिने फोन केला होता आणि तासभर बोलली होती, काय बोलली ते सांगत नाही, पण आता दुपारी चारला भजनी मंडळात जाते आणि बाबा स्वतःचा चहा स्वतः करतात. आयुष्यात पहिल्यांदा.

आता ते भांडणाचं. गॅलपवालेच म्हणतात की टीमच्या एंगेजमेंटमध्ये जो फरक पडतो त्यातला ७० टक्के मॅनेजरमुळे. ठीक आहे, म्हटलं, मग मॅनेजरच्या हातात काहीतरी द्या. सर्व्हेचा आकडा, माझी ती तासांची यादी आणि टीममधल्या बाकीच्यांच्या याद्या (त्यांनी आपणहून दिल्या) घेऊन डिलिव्हरी हेडकडे गेलो. महाराष्ट्राचा २०१७ चा दुकाने आणि आस्थापना कायदा आठवड्याला ४८ तास म्हणतो, आमच्या याद्यांची बेरीज त्याच्या बरीच वर. वर डब्ल्यूएचओ आणि आयएलओचा (आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा) २०२१ चा अभ्यास, की आठवड्याला ५५ तास किंवा जास्त काम केल्यामुळे आलेल्या स्ट्रोक आणि हृदयविकाराने एका २०१६ सालात जगात ७ लाख ४५ हजार माणसं गेली. ते म्हणाले, अरे पण इंडस्ट्रीत मोठमोठी माणसं सत्तर तास, नव्वद तास म्हणतायत. म्हटलं, म्हणतायत खरं, पण नव्वद म्हणजे रविवार धरून रोज जवळपास तेरा तास, आणि त्यांना सोसायटीच्या गेटवर अर्धा तास ओला-उबरची वाट बघावी लागत नाही. आमचं पॅकेजही आलं ते २०२४ मध्ये पुण्यातच एका मोठ्या ऑडिट फर्ममधली २६ वर्षांची सीए मुलगी गेली आणि तिच्या आईचं पत्र सगळीकडे फिरलं त्यानंतर. योगायोग असेलही. हे मी बोलून दाखवलं नाही, पण दोघांच्याही डोक्यात होतं असं मला वाटलं.

निघालं एवढंच, की रात्री साडेनऊनंतरचा कॉल रोटेशनने, आठवड्यात एकाला एकदाच, आणि दुसऱ्या दिवशी तो माणूस अकरापर्यंत ऑनलाइन दिसला नाही तर कुणी विचारायचं नाही. लेखी काही नाही, फक्त आमच्या टीमपुरतं. ऑस्ट्रेलियात २०२४ पासून कामाच्या वेळेनंतर बॉसचा फोन न घ्यायचा कायदेशीर हक्क आहे, फ्रान्समध्ये तर २०१७ पासून तशी तरतूद आहे, आपल्याकडे सुप्रिया सुळेंनी लोकसभेत राइट टू डिस्कनेक्टचं खासगी विधेयक मांडलंय, पण खासगी विधेयकांचं आपल्याकडे काय होतं ते सगळ्यांना माहितीये. तोपर्यंत रोटेशन. ॲसिडिटीवाली मुलगी आता मंगळवारीच फक्त रात्री असते.

ज्यांच्या ऑफिसात ईएपी नाही, म्हणजे बहुतेक सगळेच, दुकानात, बँकेत, शाळेत, डिलिव्हरीवर काम करणारे, त्यांच्यासाठी सरकारची टेली मानस आहे, १४४१६, १० ऑक्टोबर २०२२ पासून चालू, फुकट, चोवीस तास, मराठीतही बोलतात. माझ्या ओळखीतल्या एकाने रात्री दोनला केला होता, उचलला आणि नीट बोलले. फरक एवढाच की दर वेळी तोच माणूस मिळेल असं नाही, त्यामुळे गोष्ट पुन्हा पहिल्यापासून सांगावी लागू शकते, पण रात्री दोनला आमचं महागडं ईएपी उद्या सकाळची वेळ देतं आणि हे उचलतात.

तर एचआरच्या फॉर्ममध्ये मी लिहिलं ते असं: ॲप बंद करा, त्या पैशात काउन्सेलरच्या रात्री आठ ते दहाच्या वेळा वाढवा, सर्व्हेतल्या कमेंट लीडला जशाच्या तशा पाठवू नका, आणि तोरणाच्या काचांना फिल्म लावा. फिल्म लागलीये, बाकीच्याचं "नोटेड" म्हणून उत्तर आलंय.